कडू मुळावरचं कलिंगड

“शेंडे ने, पायजेत तितके ने. पन ज्याच्या हातात देशील त्याला सांग, ह्यो कडू हाय. कागद नको देऊ. तोंडानं सांग.”

बनुबाई हे बोलली तेव्हा ती गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती आणि भोपळ्याचा वेल तिच्या डोक्यावरून थेट कौलांवर गेला होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात तिची वाडी. भोपळा दिसायला दुधीसारखाच, लांबट, कोवळा असताना लव असलेला. पण खायचा नाही. वाळवून, पोखरून त्याचा तुंबा करायचा आणि तुंब्यात बियाणं ठेवायचं, एवढ्यासाठी तिच्या सासूच्या सासूपासून राखलेला. त्या वाडीत गोड दुधी कोणी लावत नसे. मधमाशी दोन्हीकडे बसते, मग बी बिघडतं, असं तिथल्या बायका सांगत.

मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथल्या रितेशसाहेबांना तो तुंबा नको होता, त्याचं मूळ हवं होतं. महाड-पोलादपूरकडे भात निघालं की नदीकाठच्या शेतात कलिंगड लावतात. फळ धरायच्या वेळेला मर येते आणि उभा वेल दोन दिवसांत मान टाकतो. बनुबाईच्या आवारातही ती मर होती, हा वेल मात्र कशालाच दाद देत नव्हता. तेव्हा मूळ भोपळ्याचं आणि वर शेंडा कलिंगडाचा, असं कलम करायचं. ज्या झाडाच्या मुळावर कलम बांधतात त्याला खुंट म्हणतात. वाडीबाहेर बियांचा भरवसा नाही, एक बी आईसारखं निघतं आणि एक निघत नाही. म्हणून वेलाचा शेंडा न्यायचा, लॅबमध्ये बाटलीत वाढवायचा आणि एका शेंड्याचे हजार करायचे. टिश्यू कल्चर म्हणजे एवढंच. हजारही तंतोतंत त्याच वेलासारखे, तेच बळ आणि तोच कडूपणा.

रितेशसाहेबांनी वेलावर हात ठेवून शब्द दिला. बनुबाईने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली. “तू बोल. तुज्या गल्यात माल हाय.”

मी तुळशीच्या माळेला हात लावून हो म्हटलं. तिने स्वतःच्या नखाने शेंडा खुडला आणि माझ्या ओल्या फडक्यात ठेवला.

महाडच्या बाहेर, नदीपलीकडे आमची लॅब. आतल्या खोलीत पांढऱ्या दिव्याखाली फळ्यांवर बाटल्या, आणि बाटलीत जेलीसारख्या खाद्यात उभी बोटभर रोपं. मी तिथे काचेच्या पेटीसमोर बसून चिमट्याने कोंब सोडवते आणि नव्या बाटलीत ठेवते. तोंडाला फडकं असतं. बोलायचं नसतं, श्वासानेसुद्धा बुरशी जाते. मला ते जड गेलं नाही. सूर्य उगवेपर्यंत मी तसंही बोलत नाही, आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात काही घेत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. लॅबमधल्या दर बाटलीला मनातल्या मनात एक रामनाम. शेजारी बसणारी रेश्मा म्हणायची, “काकू, तुमच्या बाटल्यांना बुरशी धरत नाही. तुम्ही दिवसभर मनात तिला कीर्तन ऐकवता, ती कंटाळून निघून जाते.”

पहिल्या हंगामात रोपं घ्यायला शेतकरी फाटकाशी यायचे तेव्हा मीच बाहेर बसायची. प्रत्येकाला सांगायची, मूळ कडू भोपळ्याचं आहे, कलिंगड गोडच येईल, पण कलमाखालून फुटवा आला तर काढून टाका, त्याला धरलेला भोपळा खाऊ नका. लोक नीट ऐकायचे, मान हलवायचे आणि रोपं न घेता जायचे. एक म्हातारबाबा तर म्हणाले, “मूल कडू नि फल गोड, असं देवाच्या राज्यात कुठं असतं काय गो?” ट्रेमधली रोपं पिवळी पडली. मुराद आमचा टेम्पोवाला, त्याने न खपलेली रोपं परत आणून उतरवली आणि म्हणाला, “भाभी, तुम्ही खरं बोलून धंदा बुडवला.” तो हसत होता, पण रितेशसाहेब त्याच्या मागेच उभे होते.

दुसऱ्या वर्षी मला फाटकावरून आत घेतलं. ट्रेवरच्या चिठ्ठीत ‘कडू’ हा शब्द राहिला नाही. ‘गावठी दुधी खुंट’ असं छापलं. सोबत एक कागद होता, त्यात पाण्याच्या पाळ्या, खत, आणि खाली बारीक अक्षरात, ‘कलमाखालील फुटवे वेळोवेळी काढावेत’.

मी साहेबांना म्हटलं, “का काढावेत ते नाही लिहिलं.”

“काकू, फुटवा काढला की भोपळा येणारच नाही. आलाच नाही तर कडू कुठून?”

“बनुबाईनं तोंडानं सांगायला सांगितलं होतं.”

“बनुबाई आता आहे का?”

नव्हती. त्या पावसाळ्यात ती गेली, आणि गोठ्याची भिंत पडली त्यात वेलही गेला. आता तो वेल जगात होता तो फक्त आमच्या बाटल्यांत. साहेब एकदा पाहुण्यांना म्हणालेही, ही जात आमच्याकडची आहे. मी चिमटा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

त्या वर्षी सगळे ट्रे गेले. दुकानांतून गेले, मुरादच्या टेम्पोतून गावोगाव गेले.

शिवथरच्या खोऱ्यात माझी साळूआत्या राहते. वडिलांची बहीण. माझे नेम हे तिचेच नेम, लहानपणी तिच्याबरोबर पहाटे उठून मी ते शिकले. तिचा मुलगा कुशाबा शेती करतो, सून स्नेहल अंगणवाडीत मदतनीस आहे. कुशाबाने यंदा कलमी कलिंगडं लावली ती दुकानातून आणून. आमच्या लॅबची आहेत हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही कळलं नाही.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आत्याला महाडला दवाखान्यात आणलंय.

ती पलंगावर अशी दिसत होती जणू कोणी तिला धुऊन पिळून टाकलं आहे. रात्रभर उलट्या, उलटीत रक्त. नळी लावलेला हात तिने उचलला आणि माझी माळ चाचपली. “रामानं माजी खीर घेतली नाय गो आनंदी.”

हळूहळू कळलं ते असं. बांधावर दुधी लागले होते. त्यातला एक स्नेहलने किसला आणि नैवेद्याला खीर केली. आमच्याकडे नैवेद्य चाखत नाहीत. मीठ, साखर सगळं अंदाजाने. देवाच्या आधी जीभ लावायची नाही. दुपारी जन्म झाला, आरती झाली. आत्या सकाळपासून निर्जळी. तिने पहिली वाटी घेतली आणि पहिल्याच घासाला कळलं, विषासारखी कडू. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नात वाटीकडे हात करत होती, तिचा हात बाजूला करून आत्या म्हणाली, मला भूक हाय, मला दे. तिची वाटी संपवली. मग कुशाबाची. मग पातेल्यात होती तेवढी.

“थुंकायचीस ना गं आत्या.”

“परसाद थुकतात काय? टाकायचा नाय, गाईला घालू तर ती मुकी, पोरांना देऊ कसा? मग राह्यलं कोन?”

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, प्रसाद खाल्ला. बास. खीर कडू होती हे तिने फक्त घरात सांगितलं, आणि घरातून ते मारुतीच्या देवळात गेलं. तिथे बायकांनी त्याचा अर्थ लावला. गोड खीर देवापुढे कडू होते ती उगीच नाही. जिने केली तिचं सोवळं चुकलं असेल. पाळीची असेल आणि बोलली नसेल. अंगणवाडीत कोणाकोणाची पोरं उचलते, तशीच चुलीशी बसली असेल.

आत्याला सोडलं तेव्हा मी तिच्याबरोबर दोन दिवस राहायला गेले. स्नेहल भांडी घासत होती, गोठा बघत होती, अंगणवाडीत जात होती. चुलीशी मात्र नव्हती. स्वयंपाक शेजारची बाई करून जायची. देवघराच्या उंबऱ्याबाहेर ती फुलं आणून ठेवायची आणि ती फुलंसुद्धा आत्या उचलत नव्हती. देवापुढे दिवा होता, नैवेद्य नव्हता. “ज्या घरचा घेतला नाय त्या घरचा पुन्ना कशाला दावायचा,” आत्या म्हणाली. पन्नास-साठ वर्षं एक दिवस न चुकलेली बाई.

सकाळी पाणी आणायला परसात गेले. नुकतं उजाडलं होतं. बांधाच्या काट्यांवर वेल चढला होता. कलिंगडाची जमिनीवरची पानं चिरलेली असतात, ही गोल, मऊ. मी पान चुरगळलं. तो वास माझ्या बोटांना रोज संध्याकाळी येतो, साबणाने जात नाही. मी खाली वाकून वेलाचा माग काढला, तर तो कलिंगडाच्याच बुंध्यातून, कलमाच्या गाठीच्या खालून निघाला होता.

एक कोवळा भोपळा तोडला, दगडावर फोडला आणि जिभेला लावला. तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाण्याआधी माझ्या तोंडात काही गेलं. चूळ भरली, पुन्हा भरली, दुपारपर्यंत ते कडू जिभेवरून हललं नाही. आणि आत्याने पातेलं संपवलं होतं.

सूर्य वर आल्यावर मी कुशाबाला बांधावर नेलं.

“हां, ते कलिंगडाच्याच मुलातून आलंय,” तो म्हणाला. “मी म्हटलं बरं हाय, एका रोपात दोन पिकं. दुकानवाला बोलला दुधी खुंट हाय, म्हटलं मग दुधीच येनार. फुकटचा दुधी कोन उपटतो, ताई?”

“कागद दिला होता का?”

“दिला होता की. त्याच्यावर मिरचीचं बी वालत घातलंय.”

मी त्याला सगळं सांगितलं. तो बांधावर बसला. हातातलं ढेकूळ कुस्करलं. मग उठून वेल ओढायला लागला, मी एक भोपळा तेवढा ठेवायला सांगितला.

स्नेहलला मी गोठ्यात गाठलं. मला वाटलं ती रडेल, निदान सुस्कारा टाकेल. तिने शेणाची पाटी खाली ठेवली.

“म्हणजे तुमच्या लॅबचं हे?”

“हो.”

“आणि मी पाळीची होते का, म्हणून यांच्या चुलत्यानं मला विचारलं. पुरुषमाणसानं. देवळाच्या पायरीवर, सगळ्यांसमोर.” ती हलक्या आवाजात बोलत होती, माझ्यासारख्याच. “ताई, हे इथे शेणात उभं राहून मला नका सांगू. मला माहीत होतं माझं काही चुकलं नाही. देवळात सांगा. माझं नाव तिथं घेतलं, तिथंच सांगा. मारुतीच्या जन्माला सगळी वाडी असते.”

“सांगीन.”

“तुमच्या साहेबांनी सोडलं तर.”

आत्याला सांगणं त्याहून कठीण गेलं. ती ओसरीवर पडून होती. मी तिचे पाय चेपत सगळं बोलले, लॅब, बनुबाई, खुंट, फुटवा. शेवटी तिने विचारलं, “म्हंजे भाजीच कडू व्हती?”

“हो आत्या. रामाचा काही राग नव्हता. स्नेहलचंही काही चुकलं नाही.”

“मग मी कुनासाटी खाल्ली गो?”

मी पाय चेपत राहिले.

“रामानं पारख केली म्हून सोसलं. घराचं काय खोट असंल ती माज्या पोटात जाऊ दे म्हटलं. आता काय म्हनू, त्या रितेशनं पारख केली?” तिने पाय ओढून घेतले. “नको सांगूस कोनाला. लोक हसतील. म्हातारीला दुधी नि कडू भोपला कलला नाय.”

“आणि स्नेहल?”

“तिला मी घेईन समजून. घरातल्या घरात.”

दाराआड बांगडी वाजली. स्नेहल पाणी घेऊन आली होती. तांब्या आत्याच्या हाताशी ठेवून ती तशीच मागे फिरली. आत्याने तांब्याला हात लावला नाही.

महाडला परतले आणि आधी साहेबांच्या खोलीत गेले. पिशवीतला भोपळा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी ओळखला. मी आत्याचं सांगितलं. आत्या कशा आहेत वगैरे विचारलं, चांगल्या शब्दांत विचारलं. दवाखान्याचा सगळा खर्च देतो म्हणाले. लॅबचं नाव तेवढं नको.

“खर्च नको. मारुतीच्या जन्माला मी देवळात सांगणार आहे. जिथे जिथे रोपं गेली तिथे निरोप पाठवा. अजून बांधाबांधांवर भोपळे लटकताहेत.”

“काकू, हंगाम संपत आला. पुढच्या वर्षी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात टाकू.”

“पुढच्या वर्षीपर्यंत लोक जेवायचे थांबणार आहेत का?”

त्यांना हसू आलं, मग ते आवरलं. “जीभ असते ना माणसाला. कडू लागलं की थुंकतो माणूस. तुमच्या आत्यांनी आख्खं पातेलं खाल्लं, यात टिश्यू कल्चरचा काय दोष?”

“प्रसाद होता.”

“तोही माझा दोष का?” ते उठून खिडकीशी गेले. खाली रेश्मा आणि बाकीच्या मुली डबे धूत होत्या. “तुम्ही देवळात बोलणार, ते मोबाइलवर फिरणार. कडू भोपळा, विष, एवढंच लोकांच्या लक्षात राहील. कलिंगडसुद्धा कोणी घेणार नाही. या मुली कुठं जातील? तुमच्यासारख्या सगळ्यांना पेन्शनवाले नवरे नाहीत. तुमचं मौनाचं व्रत आहे ना? मग या बाबतीत जरा पाळा की.”

हे बोलणं त्यांनी ठरवून केलं नसावं. पण माझं व्रत त्यांच्या उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं, ते मला भोपळ्यापेक्षा जास्त लागलं. इतकी वर्षं मी हळू बोलते. लोकांना वाटतं, हिला न बोलणंच आवडतं.

“तुम्ही वेलावर हात ठेवला होता,” मी म्हटलं.

“म्हातारीची समजूत घालायची होती, काकू.”

मी भोपळा उचलून पिशवीत घातला.

खाली मुराद टेम्पो धूत होता. आत्याचं आणि भोपळ्याचं मी त्याला फोनवर सांगितलं होतं. त्याने नळ बंद केला. “भाभी, आमच्या महरुन्निसाच्या माहेरीपण मीच दोन ट्रे टाकले होते. काल फोन करून सगळे वेल उपटायला लावले. बाकीच्यांना मी काय सांगू? मी ड्रायव्हर. बोलतील, साला टेम्पोवाला आता शेती शिकवतो.”

“रोपं कुठे कुठे उतरवली ते आठवतं?”

“बांध पाठ आहेत मला. कुठल्या घरचं कुत्रं चावतं तेपण पाठ आहे.”

“मारुतीच्या जन्माला पहाटे शिवथरला जायचंय. आणि तिथून पुढे तू नेशील तिथे.”

त्याने वर साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं. “गाडी माझी आहे, त्यांची नाही,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “काम त्यांचं आहे. बघू.”

तो येईल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. नाही आला तर पहिली एस.टी. होती, फक्त ती जन्म झाल्यावर पोचली असती.

पौर्णिमेच्या पहाटे उठले. आंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं. आमचे हे जागे होते. त्यांनी काही विचारलं नाही, मी बोलत नसते हे त्यांना माहीत आहे. चहाचा कप पुढे केला आणि म्हणाले, “आत्याला वाईट वाटेल.” मी मान हलवली. वाटेलच. कदाचित ती यापुढे माझ्याशी बोलणार नाही. ज्या बाईने मला नेम शिकवले तिच्या देवळात जाऊन मी सगळ्यांना सांगणार होते, की तिने देवासाठी सोसलं ते एका चिठ्ठीतला शब्द खोडला म्हणून. लॅबच्या फाटकातून पुन्हा आत जाता येणार नव्हतं, आणि रेश्मा माझ्याकडे कोणत्या नजरेने बघेल तेही कळत होतं.

मोबाइल वाजला. साहेबांचं नाव. वाजून वाजून थांबला. सूर्य उगवायचा होता.

तळ्याच्या बाजूने टेम्पोचा दिवा वळला आणि आमच्या आळीच्या तोंडाशी थांबला. मुरादने आतून दार ढकललं. मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. त्यातला भोपळा एव्हाना थोडा मऊ पडला होता. मुरादने रस्ताभर रेडिओ लावला नाही, बहुधा माझ्यासाठी.

देवळात जन्म सूर्याबरोबर होतो. माझं मौनही त्याच वेळी सुटतं. त्या दिवशीचा माझा पहिला शब्द कोणता असेल ते ठरलेलं होतं. बनुबाईने सांगितला होता आणि चिठ्ठीतून गेला होता, तोच. नदी ओलांडली, आणि मी पिशवीचं तोंड सैल केलं.